काळूसाहेबांचा दुभाष्या

आमच्या कॉलनीत इंग्रजी येणारा मी एकटाच होतो, आणि मला इंग्रजी येत नव्हतं. यातली दुसरी गोष्ट फक्त मला माहीत होती. मी कॉलेजात इंग्रजी विषय घेतला तेव्हापासून दादा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात, किराणा दुकानात, अगदी गालाला साबण लागलेला असताना न्हाव्यालासुद्धा सांगायचे, "पोरगं इंग्लिश शिकतंय. फाडफाड बोलतंय." स्वतः डबल पाळ्या करून ते मला शिकवत होते. त्यांची सगळी इभ्रत माझ्या त्या फाडफाडीवर उभी होती.

सत्त्याहत्तर साल असेल. एका रविवारी आईने मला मेथी आणायला पंचवटीत पाठवलं. (मेथी शेवटपर्यंत आली नाही.) बाजाराच्या गल्लीत एक गोरा पोरगा उभा. पाठीवरच्या पिशवीत आणखी एक माणूस मावला असता. त्याच्याभोवती एक टांगेवाला, एक फुलवाली, पूजा सांगणारे गुरुजी, कानातला मळ काढणारा आणि एक गाय असा घोळका जमलेला. तो बिचारा प्रत्येकाकडे वळून मान हलवत म्हणत होता, "या, या."

"भाऊ, ह्याला काय पाहिजे ते इचारा की," फुलवाली मला म्हणाली. "मी इचारलं हार देऊ का, तर म्हनतो या. आले जवळ. पुन्हा इचारलं, पुन्हा या. आता किती जवळ येऊ?"

"पण मानाचं बोलतो हां," टांगेवाला म्हणाला. "आपल्याला 'या' म्हननारं कोन हाय नाशकात?"

(जर्मन भाषेत 'या' म्हणजे 'हो', हे मला कळायला पुढे दोन वर्षं लागली. तोवर मीसुद्धा जर्मन लोक फार अगत्यशील असतात असंच समजत होतो.)

मी घसा खाकरला. "व्हॉट इज युवर गुड नेम?"

"कार्ल. जर्मनी," तो म्हणाला. मग माणसं, हॉर्न, गाय या सगळ्यांवरून हात फिरवत लांबलचक काहीतरी बोलला. त्यातला 'ऑल' हा शब्द मला कळला. मी म्हणालो, "येस, येस." तो म्हणाला, "या, या." फुलवाली आणखी एक पाऊल पुढे आली.

उन्हाने त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. माझी खात्रीची अशी दोन-तीनच वाक्यं होती, त्यातलं एक मी वापरलं, "प्लीज कम टू माय हाऊस फॉर मील्स." तो चटकन टांग्यात चढून बसला.

आई दारात आली. "या, या," ती म्हणाली. "या, या," तो म्हणाला. आई मागे सरकली. "अगं बाई, माझ्याच घरात मलाच या म्हनतोय!" पण पोरगं गुणी आहे हे तिने तेवढ्यात ताडलं, आणि 'कार्ल' जिभेवर बसेना म्हणून त्या दुधासारख्या गोऱ्या पोराचं नाव काळू ठेवून टाकलं. त्याने फळीवरच्या बुद्धमूर्तीला हात जोडले, तेव्हा दादांची छाती सदऱ्यात मावेना. शेजारीपाजारी दारातून "जय भीम" करायचे, हा "या" म्हणायचा, की ते आत येऊन बसायचे. अर्ध्या तासात आमच्या दोन खोल्यांत तीसेक माणसं झाली. त्यात टांगेवाला होताच.

पाहुण्याला पाटावर बसवलं. भाकरी, पिठलं, ठेचा. आई समोर बसून वर्तमानपत्राने वारा घालत होती आणि त्याने नको म्हणून हात आडवा केला की त्या हाताच्या खालून भाकरी सरकवत होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने दादा म्हणाले, "इचार त्यांना, आमचं नाशिक कसं काय वाटलं?"

"हाऊ इज नाशिक?" मी विचारलं. कार्ल तीन मिनिटं बोलला. मला 'पीपल' आणि 'काऊ' एवढं सापडलं.

"ते म्हणतात," मी उभा राहून सांगितलं, "गोदावरीसारखी नदी जर्मनीत नाही. माणसं थोर आहेत. गायीसुद्धा इथल्याच चांगल्या."

"वा!" टांगेवाला म्हणाला. माझी भीड चेपली. कार्ल पुढे जे जे बोलला ते ते मी मनाने मराठीत करत गेलो, आणि माझ्या तोंडून त्याने नाशिकच्या द्राक्षांची, हवेची आणि एस. टी.ची इतकी तारीफ केली की लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले.

मग तो आईकडे बघत हळू आवाजात काहीतरी बोलला. 'मदर' हा शब्द मी ऐकला. त्याचे डोळे भरून आले.

"काय म्हनतो रे?" आई घाबरली.

मी त्याच्या ताटात पाहिलं. ठेचा संपला होता. "ठेचा झोंबला म्हणतात," मी सांगितलं.

तीसच्या तीस माणसं खो खो हसली. आई गूळ आणायला धावली. कार्लने त्या हसऱ्या तोंडांकडे एकदा पाहिलं, खाली मान घातली आणि गुळाचा खडा मुकाट्याने खाल्ला. एकटे दादा हसले नाहीत.

चार वाजता त्याची औरंगाबादची एस. टी. होती. टांगा वळणाआड गेला तसं दादांनी मला घराच्या मागे नेलं.

"त्याची आई वारली," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. तवापासून जेवताना समोर कुनी बसलं नव्हतं म्हनला. हिनं वारा घातला, तर त्याला तिची याद आली. आन आपन हसलो."

"दादा, तुम्हाला कळलं?"

"देवळालीच्या मिलिट्री कँपात चार वर्सं गोऱ्या साहेबाला चहा नेऊन देत होतो. कान काय घरी ठेवून जायचो?"

"आणि नाशिकबद्दल काय म्हणाला?"

"म्हनला, इथं नुसतं उभं ऱ्हायलं तरी मानसं गोळा होत्यात. एकटं वाटत नाय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सगळ्यांसमोर? तुझं इंग्लिश गावभर सांगितलंय मी. माझी इभ्रत राखाया गप बसलो, आन त्या पोराची आई हसन्यावारी गेली. जा. सायकल घे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्ताभर मी पेडलच्या तालावर माफीची चार वाक्यं जुळवली. सीबीएस स्टँडच्या फाटकात शिरेपर्यंत चारही सांडली. गाडीचं इंजिन सुरू झालेलं, आणि कार्ल पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेला.

"सॉरी," मी धापा टाकत म्हणालो. "माय मदर... इज युवर मदर. कम. फूड, एनी टाइम."

खिडकीतून हात काढून त्याने माझा हात घट्ट धरला आणि डोळे पुसत, हसत, गाडी हलेपर्यंत भडाभडा बोलत राहिला. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली.

घरी आलो तर आई आणि दादा दोघंही दारात उभे. आईचा पदर डोळ्यांना.

"काय म्हनला?" दादांनी विचारलं.

"काही कळलं नाही, दादा," मी म्हणालो. त्या दिवसभरातलं माझं तेवढंच भाषांतर बरोबर होतं.