रोजच दिवस पहिला

किस्से गोळा करायला कुठे जावे लागत नाही. रोज दोन तास एकाच लाईनीत उभे राहा, पुढच्या माणसाची मान पाठ होईपर्यंत! बाकी सगळे आपोआप जमते. माझ्याकडे डिग्री नाही, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली. पण गोव्याच्या हद्दीवरच्या नाक्याबद्दल विचाराल, तर मी पीएचडी आहे.

साथीची ती दोन वर्षे. मी महाराष्ट्राच्या बाजूच्या आमच्या गावातून पहाटे बाईक काढायचो आणि कुडाळला कंपनीची बस पकडायचो. कंपनी गोव्यात, औषधांची. मी पॅकिंगला. तापाच्या गोळ्या आम्हीच भरायचो, आणि आम्हाला ताप नाही हे सिद्ध केल्याशिवाय आम्हालाच आत सोडत नव्हते! बस नाक्याच्या अलीकडे थांबायची. सगळ्यांनी उतरायचे, लाईनीत लागायचे, टेबलावरच्या पोलिसाला निगेटिव्हचा कागद दाखवायचा आणि चालत पलीकडे जायचे. कागद तीन दिवस चालायचा. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी नाकात काडी.

*

माझ्यापुढे नेहमी दत्तोकाका. पंचेचाळिशीचा, माझ्याच पॅकिंगचा. आज कोणत्या नाकपुडीची पाळी, ते तो तळहातावर पेनाने लिहून आणायचा.

एकदा त्याचा कागद सकाळी सातला संपणार होता. आम्ही साडेपाचला लाईनीत लागलो. टेबलापाशी पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटे.

पोलिसाने कागद बघितला. "हो सोंपला."

"अहो, लायनीत रवान संपलो! साडेपाचाक जिवंत होतो!"

"मागीर बेगीन येवपाचें." लवकर यायचे, म्हणे.

"बेगीन येवन खंय उभो रवतलंय? लायनीतच मा?"

पोलिसाला ते पटले. अगदी मान हलवून पटले! आणि मग त्याने काकाला परत पाठवले.

*

गाड्यांची लाईन वेगळी, आमच्यापेक्षा भरभर सरकणारी. एकदा एका गाडीतल्या बाईने काच खाली केली आणि आम्हाला बिस्किटांचे पुडे वाटायला सुरुवात केली. तिला वाटले, कुठून तरी चालत आलेली अडकलेली माणसे!

"आप लोग कब से फँसे हो, भैया?"

काका हात जोडून म्हणाला, "पाँच साल हो गये, मैडम. बीच में खाना खाने घर जाते हैं."

बाईचे डोळे भरून आले. तिने आणखी दोन पुडे दिले.

*

एके दिवशी टेबलावरचे, कागद तपासायचे नेटच बंद पडले. लाईन तासभर जागची हलेना. शिफ्ट गेल्यातच जमा होती. दत्तोकाकाने चप्पल काढली, डोळे मिटले, हात जोडले आणि गाऱ्हाणे सुरू केले. आमच्याकडे देवाला असेच सांगतात. एकाने मोठ्याने बोलायचे, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी लाईन ओरडली. येस म्हणजे गावाची वेस.

"ह्या टेबलाचा नेट बंद पडला आसा, ता चालू कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो पगार कापूक बसलेत, तेंची बुद्धी ताळ्यार हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या टेबलार बसलेल्या पोलिसाची आजच्या आज बदली होव दे!"

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज टेबलावरून आला होता! पोलीस हद्दीलगतच्या पेडण्याचा. तोही लहानपणापासून हेच गाऱ्हाणे ऐकत वाढलेला. कानावर पडले की तोंड उघडते, ड्युटी गेली उडत!

*

पण खरा कडक नाका आमच्या गावात होता.

ग्रामसमितीने रस्त्यावर बांबू आडवा टाकला होता. समितीचे अध्यक्ष आमचे बाबा. तीस वर्षे एसटीत कंडक्टर. नियम दाखवून जन्मभर लोकांना गाडीतून उतरवले, शेवटी मला घरातून उतरवले. गावाबाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस शाळेत राहायचे, हा नियम. मी रोजच बाहेरून येणार. म्हणजे माझा रोजच दिवस पहिला!

"नायतर नोकरी सोड," बाबा बांबूपलीकडून म्हणाले.

"सोडून मगे करू काय?"

"कॉलेज सोडलंस तेव्हा इचारलंस माका?"

समितीतले बाकीचे म्हातारे खूश होऊन हसले. संध्याकाळी देवळात ह्याच मंडळींचा पत्त्यांचा डाव बसायचा, मास्क हनुवटीवर. त्याला नियम नव्हता.

गोव्यात मी महाराष्ट्रातून साथ आणणारा, गावात गोव्यातून आणणारा. सातवीच्या वर्गात मी एकटा झोपायचो. आई पायरीवर डबा ठेवायची, वीस पावले मागे जायची आणि विचारायची, "कालचा सगळा खाल्लंस काय रे?" एवढेच. जास्त बोलली की तिला रडू यायचे.

फळ्यावर बाबांनी 'दिवस :' असे लिहून पुढे जागा सोडली होती. ती मी भरायची. सोमवार ते शनिवार 'पहिला'. रविवारी सुट्टी, म्हणून 'दुसरा'. सोमवारी संध्याकाळी पुसून परत 'पहिला'. असे पाच महिने. मी दत्तोकाकाचे किस्से बाकांना सांगायचो. बाक हसत नाहीत, पण मध्येच उठून तरी जात नाहीत.

चतुर्थी जवळ आली तसे आईने बाबांना विचारले, "गणपतीक तरी तेका घरात घेशात?"

"नियम म्हणजे नियम," बाबा म्हणाले.

*

आता शेवटचा.

चतुर्थीला कंपनी बंद. फळ्यावर 'दुसरा'. शाळा आणि आमचे घर ह्यांच्यामध्ये भाताचा एक कुणगा, शेताचा एवढासा तुकडा, बस. दर वर्षी आमच्या गणपतीपुढे अख्खी वाडी आरतीला असते. त्या वर्षी कोणी कोणाच्या घरी जायचे नाही, हा समितीचाच नियम. वाडी इतकी गप्प होती की आमच्या घरातले निरांजन पेटवतानाची काडीसुद्धा ऐकू आली असती.

आई शाळेच्या पायरीवर मोदकांचा डबा ठेवत होती, तेवढ्यात पलीकडून बाबांचा आवाज आला. एकटेच गाऱ्हाण्याला उभे राहिले होते.

"बा देवा म्हाराजा, वरसाचा कार्य गोड मानून घे!"

थांबले. होकार भरायला घरात कोणीच नव्हते.

"जो कोण येशीभायर अडाकलो आसात, तेका सुखरूप घराक हाड!"

आई डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी दात आवळले. पाच महिने! एक शब्द मिळणार नव्हता माझ्याकडून.

बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. जरा मोठ्याने.

"व्हय म्हाराजा!"

तोंड माझे होते. कधी उघडले, मला कळले नाही.

पलीकडे घंटी वाजली.

दुसऱ्या दिवशी परत नाका, टेबल, पॅकिंग, परत नाका. संध्याकाळी शाळेत येऊन खडू उचलला, 'दुसरा' पुसून 'पहिला' लिहायला. पण 'दुसरा' आधीच कोणीतरी पुसला होता. त्या जागी कंडक्टरचे ते दाबून लिहिलेले अक्षर:

'दिवस : चौदावा. तपासले.'

खाली बाबांची सही.