आबांच्या हातची बडगी

मी आज माझ्या पायावर उभा आहे तो आमच्या शेजारच्या आबांमुळे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. गावात नुसतं आबा म्हटलं की तेच. ते आमच्या नात्यातले नाहीत. शाळेत कधी गेलेले नाहीत. त्यांची केळीची बाग आमच्या बांधाला लागून आहे, एवढाच संबंध. घरात पदवी मिळवणारा मी पहिला, पण पदवीने मला वाचवलं नाही.

आमचं गाव असोद्याच्या पुढे. जळगावला बसने जाऊन-येऊन बी.ए. झालो आणि धुळ्याला एका शाळेत लिपिक म्हणून लागलो. दुसऱ्या वर्षी मला जे झालं ते तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. झोप गेली. घास उतरेना. हजेरीपत्रक समोर घेऊन तासभर बसायचो, एक ओळ लिहून व्हायची नाही. एका सोमवारी डबा घेऊन शाळेसाठी निघालो आणि स्टँडवर जाऊन जळगावच्या गाडीत बसलो. घरी आलो तो महिनाभर मागच्या खोलीतून उठलो नाही.

आईने गावात कावीळ सांगितली. बहिणीची सोयरीक चालू होती; भावाच्या डोक्यात बिघाड आहे असं कळलं असतं तर पाहुणे फिरले असते. आबांना कावीळ पटली नाही. ते रोज सकाळी खाटेशी येऊन बसायचे, घडांबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल बोलायचे आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचे. एक दिवस म्हणाले, "चाल, जळगावले जाऊन येऊ. डोक्याच्या डॉक्टरकडे."

आईला रडू आलं. लोक विचारतील, ती म्हणाली.

"इचारू द्या. मी सांगीन, मलेच दाखवाचं हाये. माझं आता कोण लगीन लावून राह्यलं?"

तसंच केलं त्यांनी. दर महिन्याला त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही जायचो. दवाखान्यातला कागद माझ्या नावाचा, पण गावात शिरताना गोळ्यांची पिशवी त्यांच्या हँडलला लटकलेली असायची. कुणी हटकलं तर म्हणायचे, डोकं जरा गरम राहतं, हा पोरगा सोबत येतो. बहिणीचं लग्न झालं. मी बरा झालो, धुळ्याला कामावर परत गेलो.

थंडीत आमच्याकडे शेतात भरिताच्या पंगती होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, कुटायची. भरीत कुणाच्याही शेतात असो, जाळ आणि बडगी आबांकडे. वांगं आतून शिजलं की नाही हे ते नुसत्या वासावरून सांगतात.

कामावर परत गेलो त्या वर्षीच्या थंडीत मी सुट्टीला आलो होतो. आबा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन काड्या रचत होते. पिठाच्या गिरणीवाले नाना आले आणि त्यांनी आबांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

"आबा, आज गोळी घेतली का? नाहीतर वांग्याऐवजी आमालेच भाजशीन."

सगळे हसले. मीही हसलो. हसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, एवढाच विचार डोक्यात आला. मग नानांनी बडगी माझ्यापुढे सरकवली. "तू कूट रे, साहेब. शिकेल-सवरेल माणूस हायेस." मी बाह्या सावरल्या आणि कुटायला लागलो.

आबा बांधावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "मीठ मागून टाकजो."

मी ते आधीच टाकून बसलो होतो.

त्यानंतर जाळाजवळ त्यांना कुणी बोलावलं नाही. मी धुळ्याहून त्यांना दोनदा फोन केला. विषय काढला की ते केळीच्या भावावर यायचे.

धुळ्यात माझ्या डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा पेशंट गोल बसून बोलतो. मागच्या वेळी, तुम्हाला पहिल्यांदा डॉक्टरकडे कुणी आणलं, असा विषय निघाला. मी आबांचं सांगितलं, त्यांनी माझं दुखणं गावात स्वतःवर घेतलं ते आणि त्यांच्या हातचं भरीतही, अगदी कौतुकाने. साक्रीकडच्या एक बाई ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता ते भरीत करतात का?"

घरी येऊन बहिणीला फोन केला. गावात खरं सांगायचं म्हणतोय, तुझ्या सासरीही कळेल, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाक."

आबांना वाचता येत नाही. त्यांचं टपाल गिरणीवर येतं आणि नाना ते दळणाच्या रांगेसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणून फोन न करता पत्रच लिहिलं.

"आबा, पाया पडतो.

हे नाना वाचत असतील. नाना, मध्येच थांबू नका, आणि आवाज कमी करू नका.

आबांना कधीच काही झालेलं नव्हतं. डोक्याच्या डॉक्टरकडे मी जात होतो. गोळ्या माझ्या होत्या, अजूनही घेतो. आबांनी ते माझ्या बहिणीच्या लग्नासाठी स्वतःवर घेतलं आणि मी नोकरीवर परत गेल्यावरही तोंडातून शब्द काढला नाही. नाना, त्या दिवशी भरिताला तुम्ही सगळे हसलात ते माहीत नसल्यामुळे. मी माहीत असून हसलो, आणि वर तुमची बडगीही घेतली, आबा.

माफी मागायला तोंड नाही. येत्या रविवारी आमच्या शेतात भरीत आहे. ज्याला काही विचारायचं असेल त्याने मला विचारावं, मी नानांच्या शेजारीच बसेन. वांगी आणि काड्या मी आणतो. पेटवायला तुम्ही या. तुम्ही येईपर्यंत काडी ओढणार नाही."