घराकडे पाठ

मामा घर बघायला आले की घरात पाऊल टाकत नसत. दाखवणारा माणूस दार उघडून "या, या" म्हणत उभा असे आणि मामा त्याच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहत. फरशी, मोरी, खिडकी यांतलं काही ते विचारत नसत. थोड्या वेळाने वळून, सगळ्यांच्या देखत ते सांगून टाकत, "बस येवची नाय."

हे माझ्या आईचे थोरले भाऊ. वीसएक वर्षं बसवर कंडक्टर होते, मग निवृत्त झाले. मामी गावी मालवणकडे आणि ते अंधेरीला आमच्याच चाळीत, चार जणांच्या एका खोलीत. चाळ पाडायची ठरली होती, त्यामुळे जो तो उपनगरात लांब कुठेतरी घर शोधत होता. शेजारच्या राणेकाकूंनी मालाडला घर ठरवलं आणि हौसेने मामांना दाखवायला नेलं. मामांनी दलालासमोर तेच वाक्य सांगितलं. काकू घरी येऊन आईला म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या तोंडात साखर नाही ते नाही, निदान जिभेला कुलूप तरी घाल." काकूंनी ते घर घेतलंच. पुढे त्या रोज चिखलातून अर्धा तास चालत स्टेशन गाठायच्या, पण मामांचं बरोबर होतं असं कुणी म्हणालं नाही. उलट लोक त्यांना जास्तच टाळू लागले.

मलाही त्यांचा राग यायचा, हे खरं लिहिलं पाहिजे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबांची गिरणी बंद झाली होती आणि ते गोरेगावच्या एका वर्कशॉपमध्ये लागले होते. शेजारी मला पत्रं वाचायला, फॉर्म भरायला बोलवत. मामा मात्र म्हणत, "ह्येका वाचूक येता, बघूक येणा नाय." ते मला लागायचं.

बाबांनी चारकोपच्या पुढे, खाडीच्या अंगाला एक घर पाहिलं. बिल्डरच्या माणसाने नकाशाची प्रत दिली. ती इंग्रजीत होती, म्हणून बाबांनी माझ्यापुढे ठेवली. इमारतीसमोरून ठिपक्यांची रेघ गेली होती आणि तिच्यावर नियोजित बसमार्ग असं छापलं होतं. छापलं आहे म्हणजे होणार, असंच मला वाटलं. मी सांगितलं, "बाबा, बस आहे." बाबांनी आधीच बजावलं होतं, "बस असेल तर तुझं कॉलेज चालू. नसेल तर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला लागायचं. रोज तासभर चालून सात वाजता प्रॅक्टिकलला कोण पोचतो?"

आईच्या आग्रहाने रविवारी मामांना बरोबर घेतलं. नेहमीप्रमाणे ते बाहेरच उभे राहिले.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, आत या ना. हॉल बघा."

"हॉल खय पळान जाता? बस वळतली खय ता दाखव."

"बस वळेल ना. एवढी जागा आहे."

मामांनी रस्ता पावलांनी मोजला. "हय रिक्षा वळना नाय. आणि शेवटच्या स्टॉपार ड्रायव्हर मुततलो खय? चाय पितलो खय?"

"काका, लेडीज आहेत इथे!"

"लेडीजनीच आधी इचारूक होया."

तो माणूस चिडला. कोपऱ्यावर तांबड्या गोल पाटीचा खांब होता. तो दाखवत म्हणाला, "स्टॉप पण लागलाय. दिसत नाही का?" मामा खांबापाशी गेले, बुंध्याजवळची माती त्यांनी चपलेने उकरली, दोन्ही हातांनी खांब हलवला आणि उपटला. खाली सिमेंट भरलेला तेलाचा डबा होता. तो खांब डब्यासकट खांद्यावर घेऊन ते बिल्डरच्या ऑफिसात गेले आणि टेबलावर आडवा ठेवला. चहाचे कप फुटले. घर बघायला आलेली दोन कुटुंबं तिथूनच परत फिरली.

"सौदा कॅन्सल," तो माणूस बाबांना म्हणाला. "असली माणसं आम्हाला नकोत."

बाबा एरवी मामांना अहोजाहो करत. त्या दिवशी रस्त्यातच म्हणाले, "तू माझं घर मोडलंस."

"घर खयचा, भावोजी? डबो होतो तो."

"चालता हो."

मग मामांनी माझ्या हातातल्या नकाशाकडे पाहिलं. "चार बुकां शिकलंस आणि ठिपके वाचतंस? कागदार डांबर पडना नाय." सगळ्यांसमोर ते असं बोलले याचा संताप मला बरेच दिवस पुरला. चूक माझी होती, म्हणून तो जास्तच होता.

बाबांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मामा समोरून आले तर बाबा जिन्यात थांबून भिंतीकडे तोंड करत. आईने त्यांच्यासाठी काढलेली माशाची वाटी बाबा परत पातेल्यात ओतत. चाळ रिकामी करायचे दिवस जवळ येत होते आणि घर मिळत नव्हतं. घरात सगळे एकमेकांवर खेकसत असत. बाबा मला म्हणाले, "कामाची चौकशी करून ठेव."

अशातच एका रविवारी मामा कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. मी अभ्यासाला लायब्ररीत आलो होतो. "चल," एवढंच म्हणाले. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणता आलं नाही. ते मला दिंडोशीला घेऊन गेले. नव्या वसाहतीचं काम चाललं होतं. रस्ता खडीचा, खांब नाही, पाटी नाही. मी म्हटलं, "इथे तर काहीच नाही."

"वर बघ."

रस्त्याकडेच्या गुलमोहरांच्या फांद्या छाटल्या होत्या. सगळ्या झाडांच्या, फक्त रस्त्याच्या बाजूने आणि एकाच उंचीवर. कापलेली टोकं अजून पांढरी होती.

"कित्याक छाटले असतीत?"

मी त्या टोकांखालून चालत पुढे गेलो.

"डबलडेकर," मामा म्हणाले. "आधी फांदये जातत, मगे गाडी येता. हय येतली." त्यांच्या तोंडून बस येणार हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग माझा दंड धरून म्हणाले, "बापाशीक सांग, तूच शोधलंस. माझा नाव काढू नको. माझा नाव आयकलान तर हय सोन्याचा घर असला तरी घेवचो नाय."

मी तसंच सांगितलं. बाबांनी दिंडोशीला घर घेतलं. आम्ही राहायला जाऊन महिना झाला नसेल, तोच खाली डबलडेकर येऊन थांबली. माझं कॉलेज वाचलं. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या पोराने झाडं बघून ओळखलं. शिकलेल्याची नजर!"

वास्तुशांतीला आईने हट्ट धरला म्हणून मामांना बोलावलं. ते आले आणि बाहेर, दाराकडे पाठ करून उभे राहिले. पंगतीतून बाबा मोठ्याने म्हणाले, "काय मास्तर, इथे पण येवची नाय का? वीस वर्षं बसच्या घंटीची दोरी ओढलीत, ह्या पोराएवढी अक्कल आली नाही." पंगत हसली. राणेकाकू सगळ्यांत मोठ्याने हसल्या. मी पानातला भात कालवत बसलो.

"खरा हा भावोजी," मामा म्हणाले. "पोर हुशार हा." आणि जेवायला न थांबता निघाले.

मी मागोमाग स्टॉपवर गेलो. म्हटलं, "मी बाबांना सांगतो."

"सांगशीत तर बापूस उद्या घर इकतलो. गप रव." बस आली. आत चढून त्यांनी हात वर केला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. कंडक्टर ओरडला, "ओ काका, दोरी सोडा!" मामा त्याच्याशी भांडत होते तेवढ्यात गाडी निघाली. त्याच आठवड्यात चाळ पडली आणि ते गावी गेले. नंतर मी त्यांना पाहिलं नाही.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात गावाहून ते गेल्याची तार आली. आई रडत होती. बाबा म्हणाले, "वाईट झालं. पण माणूस कुजका होता. जन्मभर दुसऱ्याचं मोडत आला." तेव्हा मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही, अडखळत सांगितलं. बाबांनी हातातला चहा खाली ठेवला. मारतील असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघालो तर बाबा चपला घालून मागे आले. खाली येऊन विचारलं, "फांद्या कुठल्या?"

मी दाखवल्या. आता छाटायला कुणी येत नाही, जाता येता गाडीच छाटते. बस आली, मी चढलो आणि वरच्या मजल्यावरून मागे बघितलं. बाबा अजून तिथेच होते, घराकडे पाठ करून, वर बघत.