बबनरावांचा रोमानिया

बबनराव राहायचे माझ्या खालच्याच मजल्यावर, पण ते गेल्याची पहिली चाहूल मला लागली ती रोमानियातून. रविवारी दुपारी त्यांच्या मुलाचा, संदीपचा, फोन आला. "काका, बाबा तासभर फोन उचलत नाहीयेत. जरा खाली जाऊन बघता का?" मी चपलाही न घालता जिना उतरलो. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असायची. दार उघडलं तर बबनराव कॉटवर भिंतीला टेकून बसलेले, अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला. चारला माझ्याकडे पिक्चर बघायला यायची तयारी करून बसले होते. दीड महिना झाला या गोष्टीला. अजूनही रविवारी चार वाजत आले की माझ्या घरातल्या घरात येरझारा सुरू होतात.

मूळचे ते साताऱ्याकडचे. उभा जन्म तुर्भ्याच्या बाजारात कांद्याबटाट्याची पोती वाहिली. मी न्हावा शेवा बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून, म्हणजे ओझी त्यांनी उचलायची आणि कागद मी खरडायचे, असं ते चिडवत. बायको आधीच गेलेली, एकुलता एक संदीप वेल्डर. दोन वर्षांपूर्वी तो रोमानियात जहाजं बांधायच्या कारखान्यात गेला, आणि चारच दिवसांत बबनराव वर आले. "भाऊ, ह्यो रोमानिया कुठं बगायला मिळंल का?" मी इंटरनेटवरून तिकडचे पिक्चर शोधले. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मी मराठीत वाचून दाखवायची, असं ठरलं. माझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते ताठ बसत. पाठ टेकणं त्यांना माहीतच नव्हतं. मांडीवर बाजारातली जुनी चुंबळ असे, डोक्यावर पोतं घेताना खाली ठेवायची ती. ती ते सोडत नसत.

मला त्या पिक्चरांचा वैताग यायचा. तासतासभर माणसं स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती भांडतायत, नाहीतर कुठल्या तरी कचेरीच्या खिडकीशी एका शिक्क्यासाठी ताटकळतायत, आणि कॅमेरा जागचा हलायला तयार नाही. "अहो, यात घडत काहीच नाही," मी करवादायचो. "घडतंय की," बबनराव म्हणायचे. "बाई तिसऱ्यांदा पाव कापतीया आन् कोन खात न्हाय." पण बघून बघून त्यांनाच घोर लागायचा. तो चिखल झालेला बर्फ, ते अंधारे जिने, सदा वैतागलेली माणसं. मग संदीपला फोन. "तितं लाच मागत्यात का रं?" संदीप हसायचा. "बाबा, पिक्चरवर काय जाता! आपल्या पिक्चरमध्ये सगळे बागेत नाचतात. तुम्ही कधी नाचलात का?" बबनरावांना हे पटायचं नाही. पोरगं लपवतंय, असंच ते धरून चालायचे. एकदा म्हणाले, "येवढं पिक्चर बगितलं, त्यात आपल्याकडचं येक पोरगं न्हाय." खरंच नव्हतं. होती ती त्यांचीच पोरं, कामाला इटलीत गेलेली, आणि मागे गावात राहिलेले म्हातारे. "म्हंजे त्येंची पोरं इटलीत, आपली त्येंच्याकडं... मग घरी कोन हाय?" मी पिक्चर पुढे चालू केला.

मधेच एकदा संदीपने मला फोन करून गळ घातली. "काका, बाबांना टेन्शन येईल असं काही वाचू नका. त्यांनी ये म्हटलं तर मला राहवणार नाही, आणि आत्ता आलो तर काम हातचं जाईल." मी हो म्हटलं. इकडे बबनराव माझ्याकडे येताना जिन्यात छाती धरून थांबायला लागले होते. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या. "संदीपला बोलायचं न्हाय, भाऊ. शप्पत हाय." मी त्यालाही हो म्हटलं. बापलेक दोघांचं गुपित सांभाळणारा मी, केवढा शहाणा!

मग तो पिक्चर आला. गावातला एकटा म्हातारा इटलीतल्या मुलाशी फोनवर बोलतोय. खाली अक्षरं आली, 'मला बरं नाही रे, घरी ये.' मी वाचलं, 'मी ठीक आहे, तू तुझं बघ.'

"थांबवा," बबनराव म्हणाले. मी थांबवलं. "त्येचं तोंड बगा, भाऊ. ठीक हाय म्हननाऱ्याचं तोंड असं असतं व्हय?"

"लिहिलंय तेच वाचतोय," मी म्हणालो.

त्यांनी पुढे वाकून तो चेहरा निरखला. "मग खोटं बोलतोय म्हातारा," म्हणाले आणि समाधानाने मान हलवली, "शाना हाय."

पुढच्या रविवारी माझ्यासमोरच संदीपचा फोन आला. बबनरावांनी खोकला गिळला आणि म्हणाले, "मी ठीक हाय. तू तुजं बग." शब्दन् शब्द तोच. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. मी चहा पीत बसलो. त्यानंतरच्याच रविवारी ते गेले. त्यांचं संदीपशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

अग्नी पुतण्याने दिला. संदीप तिसऱ्या दिवशी पोचला. तेरावं झाल्यावर बबनरावांची चुंबळ घेऊन वर आला आणि म्हणाला, "काका, बाबा बघायचे त्यातला एक पिक्चर लावा ना." मी तोच लावला. मुद्दाम लावला, मला आता ते पोटात ठेववत नव्हतं. संदीप वडिलांच्या खुर्चीत बसला. दोन वर्षांत भाषा त्याच्या कानात बसली होती, खालच्या अक्षरांची त्याला गरजच नव्हती. फोनचा प्रसंग आला.

"घरी ये म्हणतोय तो," संदीप म्हणाला.

"हो."

"बाबांना काय सांगितलंत?"

मी सांगितलं. वाटलं, आता हा चिडेल, चार शब्द सुनावेल. मला ते हवंही होतं. तो चुंबळ हातात फिरवत बसून राहिला. "मीच सांगितलं होतं तुम्हाला, काका," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाताना त्याने चुंबळ खुर्चीत ठेवली. "ही इथेच राहू दे," म्हणाला.

आता रविवारी चारला रोमानियातून त्याचा फोन मला येतो. "काका, कसे आहात?" ठीक आहे, हे शब्द तोंडात तयारच असतात. समोर त्या खुर्चीत चुंबळ असते...

"बरा नाही रे," मी म्हणतो. "करमत नाही."