वहिनीने खोली लुटवली

आमच्या अरुंधतीवहिनीने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. लोक म्हणतात, गरीब स्वभावाची बाई. मी तिची नणंद, चांगली ओळखून आहे तिला. गरीब वगैरे काही नाही, चिवट आहे. खारघरच्या स्वतःच्याच फ्लॅटमधली दुसरी खोली तिने कशी मिळवली ते ऐका, म्हणजे पटेल.

ती खोली म्हणायला बेडरूम. प्रत्यक्षात तिथे माझा भाऊ चारुदत्त, म्हणजे आमचा दादा, याने जन्मभर न टाकलेलं सगळं राहत होतं. तीन मिक्सर, एक कूलर, एक जादा गादी, पाणीटंचाईच्या दिवसांतलं स्टीलचं भलंमोठं पिंप, जिच्यावर आजवर फक्त चादरी वाळल्या ती ट्रेडमिल. मुलाचा, सत्यजीतचा, ड्रॉइंग बोर्ड. सत्यजीत बंगळूरला नोकरी करतो आणि हल्ली पेन्सिलही हातात धरत नाही. शिवाय प्रत्येक वस्तूचं मूळ खोकं, आत माहितीपुस्तिका. या सगळ्यावर दरवर्षीच्या हळदीकुंकवातून वहिनीकडे आलेलं वाण: गाळण्या, साबणाच्या डब्या, प्लास्टिकच्या टोपल्या. काही हलवायचं म्हटलं की दादाचं एकच उत्तर, "राहू दे. लागेल कधीतरी."

वहिनीची मोठी बहीण इंदूताई नागोठण्याला एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, बालवाडीत शिकवून दिवस काढले. खारघरला आली की हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. तपकिरी रेक्झिनची पिशवी दाराशी ठेवायची आणि ती कधी पूर्ण उपसायची नाही. लागेल तो कपडा वरून काढायचा, परत घडी घालून ठेवायचा. मला ते बघवत नसे. सख्ख्या बहिणीच्या घरात माणसाने एसटी स्टँडवर बसल्यासारखं राहावं?

यंदा पौषात तिच्या घरमालकाने चाळ पाडायला काढली. वहिनी दादाला म्हणाली, "ताई आता इथेच राहील. खोली रिकामी करू या."

दादा वाईट माणूस नाही. "जरूर येऊ देत," म्हणाला. "पण एकही वस्तू भंगारात जाणार नाही आणि कचऱ्यातही नाही. चांगल्या चालू वस्तू आहेत. ज्याला हव्यात त्याने न्याव्यात." घरातला कचरा कोणी मागायला येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अशा लोकांचा साळसूदपणा मी लहानपणापासून पाहत आले आहे.

वहिनी फक्त "बरं" म्हणाली. इंदूताईला फोन करून रथसप्तमीला ये म्हणून सांगूनही टाकलं. मी मात्र दिवस मोजायला लागले. खोली झाली नाही, तर ती म्हातारी पुन्हा दिवाणावर, आणि या वेळी कायमची.

आधी ट्रेडमिलची ऑनलाइन जाहिरात दिली. एक गिऱ्हाईक आलंसुद्धा. दादाने त्याला चहा पाजला आणि पट्टा कुठे अडकतो, का अडकतो, सगळं इतकं सविस्तर सांगितलं की तो चहा पिऊन निघून गेला. मग एका संस्थेला फोन केला. त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडेच ठेवायला जागा नाही. शेवटी जुन्या वायरी तरी विकू या म्हणून वहिनीने दादाला भंगारवाल्याकडे धाडलं. दादा वायरींची गोणी तशीच परत घेऊन आला, आणि वर भंगारवाल्याकडून एक टेबलफॅन घेऊन आला. "मोटर उत्तम आहे गं," म्हणाला. मी असते तर तो पंखा त्याच्याच डोक्यात घातला असता. वहिनीने तो पुसून ठेवला.

त्याच संध्याकाळी तिने मला फोन केला. "वन्सं, उद्या कामोठ्याहून लवकर या. हळदीकुंकू करतेय." ती मला वन्सं म्हणाली की समजायचं, बाईने काहीतरी ठरवलंय.

हल्ली आपण वाण देतो म्हणतो. वहिनीची आई वाण लुटलं म्हणायची. सामान मांडून ठेवायचं आणि आल्या बायकांनी हवं ते उचलायचं. वहिनीने तेच करायचं ठरवलं. हॉलमध्ये हळदीकुंकू, तिळगूळ, ऊसपाणी करायचं, आणि आतल्या खोलीचं दार उघडं ठेवायचं. बोलावणं सगळ्यांना. सवाष्ण, बिनलग्नाची, नवरा गेलेली, कोणीही. "जिच्यासाठी खोली करतेय तीच हळदीकुंकवात बसत नसेल, तर मला ते नको," असं तिने मला सरळ सांगितलं.

शेजारची आभा निमंत्रण ऐकून म्हणाली, "काकू, पण वाण नवीन असतं ना हो? वापरलेलं कसं चालेल?"

"तुम्ही गेल्या वर्षी दिलेली गाळणी अजून पाकिटात आहे," वहिनी म्हणाली. "ती नवीनच आहे. या न्यायला."

बायका आल्या. चांगल्या साड्या नेसून आल्या, तिळगूळ खाल्ला, खोलीच्या दारातून आत डोकावल्या आणि परत येऊन खुर्चीवर बसल्या. दुसऱ्याच्या घरातली जुनी वस्तू सगळ्यांदेखत उचलायची कोणी? वहिनी वाकून वाकून हळद लावत होती, पण नजर आतल्या खोलीच्या दाराकडे होती. दादा दाराशी उभा. तोंडावर "मी म्हटलं नव्हतं का" असा भाव.

तेवढ्यात भामा आली. खारघरातल्याच जुन्या बेलपाडा गावची भामा, वहिनीबरोबर रोज सकाळी बागेत चालायला जाणारी. दोन इमारतींची मालकीण, गळ्यात सोनं मावत नाही इतकं. तिने खोलीत नजर टाकली आणि सरळ पिंपापाशी गेली.

"ह्यो पिंप मी नेतंय. असा जाड पत्रा आता मिलत नाय." मग बाहेर वळून बघितलं. "बसल्यात काय गो? आमी काय मागायला आलो नाय, लुटायला आलो हाय. उठा!"

त्या घोळक्यातली सगळ्यात श्रीमंत बाई पिंप कवेत घेऊन उभी राहिल्यावर इतरांना लाज कसली उरणार? खालच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या पोरी आधी धावल्या. गादी, मिक्सर, ड्रॉइंग बोर्ड. मग आभा. ती गाळणी न्यायला आली होती, कूलर घेऊन गेली. ट्रेडमिलवर तर दोघींचं भांडण व्हायची वेळ आली.

आणि आमचा दादा! मिक्सर हलला तसा तो जागचा हलला. "थांबा, थांबा, याचं खोकं आहे." प्रत्येक वस्तूचं खोकं, प्रत्येकाची माहितीपुस्तिका त्याने शोधून हातात दिली. पट्ट्याला तेल कधी घालायचं तेही सांगितलं. बायका "काका, हे कसं चालतं?" विचारत होत्या आणि तो घाम पुसत फुलत चालला होता. त्याच्या वस्तू खरंच कुणाला तरी लागल्या होत्या. संध्याकाळपर्यंत खोलीत बोललं की आवाज घुमायला लागला. मी वहिनीला मिठी मारली. इतका आनंद मला माझं घर घेतलं तेव्हाही झाला नव्हता.

रथसप्तमीला इंदूताई आली. वहिनीने दारातच तिला कुंकू लावलं. ती बावरली, पण तिने पुसलं नाही. खोलीत पलंग, कपाट आणि भंगारवाल्याचा तो टेबलफॅन, दादाने दुरुस्त करून रंगवलेला. इंदूताईने सवयीने पिशवी दाराशी ठेवली.

वहिनीने ती उचलली आणि पलंगावर पूर्ण उपडी केली. लुगडी, चष्मा, औषधं, सगळं कपाटात लावलं. तळाची कागदाची घडीसुद्धा काढली.

इंदूताई रिकामी पिशवी उचलून म्हणाली, "ही तेवढी हाताशी राहू दे. लागेल कधीतरी."

मी दादाकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातून पिशवी घेतली.

"नाही लागणार, ताई," तो म्हणाला, आणि चपला घालून खालच्या पोरींना द्यायला गेला.