पहिल्या आलेल्याची गाडी

बरखेड्यात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहणारे गृहस्थ जेवण झाले की रिकामी थाळी स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांत धरून वळणे घेतात. त्यांची मुलगी दक्षिणेत उघड्या चाकांच्या छोट्या रेसगाड्या चालवायला शिकते. "सगळ्या गाड्या सेम टू सेम, भाईसाहब. इंजिनसुद्धा सीलबंद. फरक फक्त चालवणाऱ्यात," असे ते मला जिन्यात ऐकवतात आणि बोलता बोलता कठड्याकडे झुकतात. स्वभावाने मी संकोची. तरी अलीकडे मीही झुकू लागलो आहे.

रविवारी सकाळच्या शर्यतीत मुलगी मागे पडली. फोनवर म्हणाली, "बाबा, माझी गाडीच स्लो आहे."

"मग तक्रार कर आणि सकाळी पहिल्या आलेल्या मुलाची गाडी दुपारच्या शर्यतीला मागून घे. तुझी त्याला दे. नियमात बसतं."

मी धास्तावलो. त्या गाडीतही हरली, तर पोरीला सबब कुठली उरणार?

दुपारी आम्ही दोघे एकेक थाळी धरून त्यांच्या मोबाइलसमोर बसलो. शेवटच्या वळणावर मी इतका झुकलो की खुर्चीसकट आडवा झालो. मुलगी सहावी आली. तिची सकाळची गाडी घेऊन तो मुलगा पुन्हा पहिला आला.

मी सांत्वनाचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. "बाबा, गाडी ठीक होती. मीच ब्रेक फार लवकर दाबते."

त्यांनी थाळी दणादण वाजवली. "जलेबी आणतो, भाईसाहब. पोरगी आता शिकणार," म्हणत ते जिना उतरलेसुद्धा.

माझ्या सांत्वनाची मलाच थोडी लाज वाटली. थाळी मात्र मी खाली ठेवली नाही.