समुद्राच्या फोटोतली मोकळी जागा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. चौथीपर्यंतच शिकले. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

माझी धाकटी जाऊ दौंडची, कॉलेज केलेली. बचत गटाची सहल कोकणात गेली तेव्हा सगळ्या बायका फोटोसाठी गर्दी करून उभ्या राहिल्या. मला लाज वाटते, म्हणून मी चपला हातात घेऊन लांब पाण्याकडे गेले. जावेनं पाठीमागून माझाच फोटो काढला. काळा-पांढरा. कोपऱ्यात मी बोटाएवढी, बाकी नुसती वाळू आणि आभाळ.

"एवढा समुद्र हाय, आन् हिनं कोरा कागद काढला!" जीपमध्ये मोबाइलवर तो बघून एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं.

पण दौंडला फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात नेमका तोच फोटो निवडला गेला. घरात सासूबाईंपासून सगळे तिचं कौतुक करू लागले. ती मला म्हणाली, "ताई, रंग नसले की नजर भटकत नाही. आणि भोवती मोकळं आहे म्हणूनच तुम्ही दिसता."

ते पटलं, म्हणून जास्त राग आला. इतकी वर्षं या घरात राबते, मला असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं तेही हिनंच.

मी शिरूरच्या बाजाराला निघाले तेव्हा तिनं प्रदर्शनासाठी फोटो मोठा करून आणायला नऊशे रुपये दिले. फोटो तिनं स्टुडिओत मोबाइलवर आधीच पाठवला होता. स्टुडिओवाला म्हणाला, "मावशी, निम्म्याच्या वर रिकामंच हाय. लग्नाच्या अल्बमला भरतो तसं भरून देऊ? जादा पैसं न्हाई."

तिला काय वाटेल ते मला पक्कं ठाऊक होतं.

"भरा," मी म्हणाले. "आन् साडी लाल करा."

त्यानं नारळाची झाडं, होडी, मावळता सूर्य, वर बगळे घातले.

जावेनं गुंडाळी उलगडली आणि खालीच बसली. "हे कुणी केलं?"

"त्यानंच, आपल्या मनानं."

तिनं पिशवी उचलली. "आत्ता जाते. पैसे घेतल्याशिवाय सोडत नाही त्याला."

ती दारापर्यंत गेली तेव्हा मी तिचा हात धरला. "त्याला बोलू नको. मीच सांगितलं."

"का पण, ताई?"

"तुझं लई कौतुक चाललं व्हतं."

तिनं पिशवी खाली ठेवली. दौंडला जाऊन तिनं पदरच्या पैशानं दुसरा फोटो करून घेतला.

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. भिंतीवर रंगीत किल्ले, धबधबे होते, तरी माणसं तिच्याच फोटोपुढे थांबत होती. एका मास्तरांनी विचारलं, "या बाई कोण?"

"माझ्या मोठ्या जाऊबाई," म्हणून ती वळली, तर मी खांबाआड. तिथूनही मी तोच फोटो बघत होते. पोटात जळत होतं. अजून जळतं.

कांदा काढणी लागल्यावर मी मजुरीला गेले आणि दर आठवड्याला तीनशे तिला देत गेले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "राहू द्या की आता, ताई." मी नोटा तिच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. नऊशेच्या नऊशे फिटले.